दुखतं एकीकडे, दुखणं दुसरीकडे

१९५५ सालचा मे महिना. न्यूयॉर्कच्या पश्चिम सोळाव्या रस्त्यावर नऊ क्रमांकाच्या घरात एक दवाखाना होता. रस्त्यावरून आत जायला जेमतेम दोन-चार पायऱ्या उतराव्या लागत. त्या दिवशी आलेल्या रुग्णाला तेवढ्याही पायऱ्या जड गेल्या. वयाची अडतिशीही न गाठलेला, देखणा, श्रीमंत घरातला, अमेरिकेच्या सिनेटचा सदस्य. पण काखेत कुबड्या आणि चेहरा पांढराफटक. आदल्या ऑक्टोबरात त्याच्या मणक्यावर शस्त्रक्रिया झाली होती. ती चिघळून तो मरणाच्या दारात पोहोचला आणि धर्मगुरूंनी अखेरचे संस्कारही उरकले. फेब्रुवारीत पुन्हा शस्त्रक्रिया करून पाठीत बसवलेली धातूची पट्टी काढण्यात आली. एवढे सगळे होऊनही डाव्या कमरेतून निघालेली कळ पायात उतरतच होती. जॉन केनेडी हे नाव त्या वेळी अमेरिकेबाहेर फारसे कोणाला ठाऊक नव्हते.

त्यांना तपासायला पुढे आल्या त्या डॉक्टर जेनेट ट्रॅव्हेल. वय त्रेपन्न. केनेडींच्या चरित्रात या बाईंना एखाद-दुसरे पान मिळते. त्यांच्या स्वतःच्या कामाची हकीकत मात्र आपल्याकडे फारशी सांगितली गेलेली नाही. आज फिजिओथेरपिस्टकडे मान किंवा खांदा दाखवायला गेलेल्या माणसाला ‘तुमच्या स्नायूत गाठ आहे, बारीक सुई घालून सोडवू’ असे सांगितले जाते, तेव्हा त्या सुईचा मार्ग बव्हंशी या बाईंनी आखलेला असतो.

जेनेटचा जन्म १७ डिसेंबर १९०१ चा, न्यूयॉर्कचा. वडील डॉक्टर. औषधांच्या बाटलीपेक्षा शेक, वीज, मालिश अशा उपायांकडे त्यांचा ओढा होता, आणि त्यांना मुलगा नसला तरी वारसा खंडित व्हायचा नव्हता. थोरली व्हर्जिनिया आणि धाकटी जेनेट, दोघीही डॉक्टर झाल्या. जेनेट टेनिस उत्तम खेळे. वेलस्ली कॉलेजातून ती १९२२ साली पदवीधर झाली आणि १९२६ मध्ये कॉर्नेल विद्यापीठाच्या वैद्यकीय महाविद्यालयातून पहिल्या क्रमांकाने बाहेर पडली. बायकांना वैद्यकीय महाविद्यालयात जागा मिळणेच मुश्कील असण्याचे ते दिवस. पुढे न्यूयॉर्क हॉस्पिटलात उमेदवारी करताना ती रुग्णवाहिकेवरची डॉक्टर म्हणून शहरभर फिरली. अपघात, मारामाऱ्या, आत्महत्येचे प्रयत्न, सगळे पाहिले.

१९२९ मध्ये त्यांनी जॉन पॉवेल या गुंतवणूक सल्लागाराशी लग्न केले, दोन मुली झाल्या. नाव मात्र त्यांनी माहेरचेच चालू ठेवले. कॉर्नेलमध्ये त्या औषधशास्त्र शिकवू लागल्या, हृदयरोगावरच्या डिजिटॅलिस या औषधावर संशोधन करू लागल्या. हा मार्ग सरळ चालला असता तर त्या एक चांगल्या औषधशास्त्रज्ञ म्हणून निवृत्त झाल्या असत्या.

वळण लागले ते १९३०च्या दशकाच्या अखेरीस. ट्रॅव्हेलबाई त्या वेळी स्टेटन आयलंडवरच्या सी व्ह्यू या क्षयरोग्यांच्या रुग्णालयात जात, आणि बेथ इस्रायल रुग्णालयात हृदयरोगी तपासत. दोन्हीकडे माणसे जीवघेण्या रोगाने अंथरुणाला खिळलेली. पण त्यांची तक्रार ऐकावी तर ती फुप्फुसाची नाही, हृदयाची नाही. खांदा दुखतो, हात उचलत नाही, रात्री कूस बदलता येत नाही. एरवी डॉक्टर अशी तक्रार ऐकतो आणि सोडून देतो. मोठ्या रोगापुढे खांद्याचे काय? ट्रॅव्हेलबाईंनी सोडून दिले नाही. त्यांचा स्वतःचा खांदा त्याच सुमारास दुखत होता, हे एक कारण असावे. आपल्याच पाठीच्या स्नायूंवर बोटाने दाबत जाताना त्यांना अशा जागा सापडल्या की दाब तिथे पडे आणि कळ दुसरीकडेच, थेट हातात उतरे.

ही गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण बाईंच्या पुढच्या साठ वर्षांचा पाया तीच आहे. स्नायूत कधी कधी दोरीसारखा ताणलेला एक पट्टा तयार होतो. त्या पट्ट्यात एखादी जागा वाटाण्याएवढी टणक आणि हुळहुळी असते. तिच्यावर दाबले की माणूस दचकतो. पण खरी गंमत पुढेच आहे. दुखते ते केवळ तिथे नव्हे. खांद्याच्या फऱ्यामागच्या स्नायूतली गाठ खांद्याच्या पुढच्या बाजूला दुखते. मानेपासून खांद्यापर्यंत उतरणाऱ्या स्नायूतली गाठ कानशिलात ठणकते आणि माणूस डोकेदुखीची गोळी घेत बसतो. कुल्ल्याच्या आतल्या छोट्या स्नायूतली गाठ पायभर अशी कळ पाठवते की सायटिकाच वाटावा. पोटरीतली टाचेत दुखते. छातीच्या स्नायूतली गाठ हृदयविकाराची भीती घालते. ट्रॅव्हेलबाईंनी आणि त्यांचे सहकारी हृदयरोगतज्ज्ञ सेमूर रिन्झलर यांनी याच्यावर मुद्दाम काम केले. बंदुकीचा चाप एकीकडे, गोळी लागते दुसरीकडे, तशी ही तऱ्हा. म्हणून या जागांना नाव पडले ट्रिगर पॉइंट.

उसण भरणे, मान अवघडणे, पाठ धरणे हे शब्द आपल्या घरोघरी आहेत. उसण भरली की पायाळू माणूस शोधून त्याचा पाय पाठीला लावून घेण्याची पद्धत तर खेडोपाडी होती. त्यामागे पाठीच्या स्नायूंवर पडणाऱ्या दाबाचा काही भाग असेल का, असा विचार मनात येतो. पण तो आपला नुसता तर्क. सांगायचे एवढेच, की दुखणे जुने आहे. ट्रॅव्हेलबाईंच्या आधी लंडनमध्ये केलग्रेन नावाच्या तरुण डॉक्टरने स्वयंसेवकांच्या स्नायूंत तीव्र मिठाचे पाणी टोचून, कळ कुठून कुठे जाते याची नोंद १९३८ मध्ये प्रसिद्ध केली होती. बाईंनी ती वाचली होती. त्यांचे वेगळेपण असे, की त्यांनी प्रयोगशाळेतली ही गोष्ट दवाखान्यात आणली आणि एकेका स्नायूचा नकाशा काढायला घेतला.

उपाय होता सुईचा. गाठ बोटात पकडायची आणि नेमकी तिच्यात प्रोकेन हे बधिरीकरणाचे औषध टोचायचे. सुई योग्य जागी पोहोचली की स्नायू मासा तडफडावा तसा एकदाच उसळतो आणि सैल पडतो. मग तो हलकेच ताणायचा. १९४२ साली रिन्झलर आणि हर्मन यांच्यासह खांदा-हाताच्या दुखण्यावर त्यांनी लिहिलेला निबंध अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात आला. दहा वर्षांनी, १९५२ मध्ये, ३२ स्नायूंच्या वेदनांचे नकाशे छापून आले. बाईंना एक गोष्ट कोड्यात टाकत होती. प्रोकेनचा असर फार तर तासाभरात ओसरतो. आराम मात्र दिवसेंदिवस, कधी कायमचा टिकतो. मग काम कोण करते, औषध की सुई? हा प्रश्न पुढे येणारच आहे.

सुईला घाबरणाऱ्यांसाठी त्या दुसरा उपाय करीत. त्वचेवर गार फवारा मारायचा आणि त्याच क्षणी स्नायू ताणायचा. या फवाऱ्याची कल्पना त्यांनी हान्स क्राउस या ऑस्ट्रियातून आलेल्या डॉक्टरच्या कामावरून घेतली होती. क्राउस हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे.

तर असा हा दवाखाना, आणि त्याच्या पायऱ्या उतरून आलेले केनेडी. ट्रॅव्हेलबाईंनी त्यांची क्ष-किरण चित्रे बाजूला ठेवून आधी माणूस पाहिला. उभा कसा राहतो, बसतो कसा, चालतो कसा. डावा पाय उजव्यापेक्षा आखूड आहे, हे इतक्या नामवंत शल्यविशारदांच्या हातांखालून गेलेल्या रुग्णाबाबत त्यांनी टिपले. बुटाच्या टाचेखाली त्यांनी उंचवटा बसवायला लावला. कमरेच्या स्नायूंत प्रोकेनच्या सुया दिल्या. आणि दवाखान्यातली झुलती खुर्ची केनेडींना बरी वाटली, म्हणून तशीच वापरायला सांगितले. झुलताना पाठीचे स्नायू आलटून पालटून आखडतात आणि सैलावतात, एका जागी अवघडत नाहीत. (खुर्च्या हा बाईंचा जिव्हाळ्याचा विषय. माणसाच्या मापाची खुर्ची नसेल तर पाठ दुखणारच, असे त्या आयुष्यभर सांगत राहिल्या.) त्या खुर्चीचे पुढे काय झाले ते जगाला ठाऊक आहे. केनेडींच्या छायाचित्रांत ती इतकी दिसू लागली की ती त्यांची ओळखच बनली. १९९६ च्या लिलावात त्यांच्या एका झुलत्या खुर्चीला चार लाख डॉलरहून अधिक किंमत आली.

केनेडी उभे राहिले. कुबड्या सुटल्या. त्यांच्या धाकट्या भावाने, रॉबर्टने, पुढे या बाईंना श्रेय दिले आणि ते खोटे नव्हते. पाठ अशीच राहिली असती तर १९६० ची निवडणूक लढवणे अशक्य होते.

त्या निवडणुकीतच एक प्रसंग आहे जो टाळून पुढे जाता येणार नाही. केनेडींना ॲडिसनचा आजार होता; मूत्रपिंडावरच्या ग्रंथी काम करीनाशा झाल्या होत्या आणि ते रोज कॉर्टिसोन घेत. पक्षांतर्गत विरोधकांनी हे उघड करताच केनेडींच्या गोटातून डॉक्टरांचे पत्र पुढे करण्यात आले. त्यावर सह्या होत्या दोघांच्या, ग्रंथितज्ज्ञ युजीन कोहेन आणि जेनेट ट्रॅव्हेल. पत्राचा आशय असा, की यांची प्रकृती उत्तम आहे. शब्दांची जुळवाजुळव अशी केलेली, की धडधडीत खोटे काही नाही आणि खरे काही कळत नाही. रुग्णाचे गुपित राखणे हा डॉक्टरचा धर्म, हे मान्य. पण गुपित राखणे वेगळे आणि मतदारांपुढे प्रकृतीचा दाखला देणे वेगळे. प्रत्येक दुखऱ्या माणसाचे खरे मानणाऱ्या या बाईंनी ती सही करायला नको होती, असे मला वाटते.

जानेवारी १९६१ मध्ये केनेडी व्हाइट हाऊसमध्ये गेले आणि त्यांच्या पाठोपाठ डॉ. ट्रॅव्हेल. अध्यक्षांची खासगी डॉक्टर झालेली ही पहिली स्त्री. एरवी ही जागा बहुधा लष्कराच्या किंवा नौदलाच्या डॉक्टरांकडे जाई. वर्तमानपत्रांनी त्यांची छायाचित्रे छापली, ठिकठिकाणाहून पाठदुखीच्या रुग्णांची पत्रे येऊ लागली. पाच महिनेही सुखाचे गेले नाहीत. मे १९६१ मध्ये कॅनडाच्या दौऱ्यावर ओटावा येथे वृक्षारोपण करताना केनेडींनी फावडे चालवले आणि पाठ पुन्हा धरली. कुबड्या परत आल्या. आता ट्रॅव्हेलबाई सुया देऊ लागल्या त्या दिवसातून दोन-दोन, तीन-तीन वेळा. दुखले की सुई, बरे वाटले की काम, पुन्हा दुखले की सुई.

नौदलाचे डॉक्टर जॉर्ज बर्कले आणि ते कोहेन, दोघांनाही हे पटेना. नुसत्या सुयांनी स्नायू बळकट होत नाहीत, आणि असेच चालले तर अध्यक्षांना चाकाच्या खुर्चीत बसावे लागेल, अशी त्यांना धास्ती होती. व्यायाम हवा, आणि त्यासाठी बोलवायचे त्या क्राउसना. ट्रॅव्हेलबाईंनी विरोध केला. अखेर ऑक्टोबर १९६१ मध्ये हान्स क्राउस व्हाइट हाऊसमध्ये आले. हा माणूस नामांकित गिर्यारोहक, दुबळे स्नायू हेच पाठदुखीचे मूळ असे मानणारा. केनेडींचे पोटाचे आणि पाठीचे स्नायू त्यांना अतिशय अशक्त आढळले. आठवड्यातून तीनदा व्यायाम सुरू झाला आणि आपल्या कामात ट्रॅव्हेलबाईंची ढवळाढवळ चालणार नाही, ही क्राउसची अट मान्य झाली. काही महिन्यांत केनेडींची पाठ सुधारली.

ज्या सुईने बाईंना त्या पदापर्यंत नेले, तिनेच त्यांना बाजूला सारले. यात नुसते राजकारण होते असे नाही. वैद्यकाच्या अंगाने पाहता त्या वेळी क्राउस बरोबर होते. गाठ सोडवल्यावर स्नायूला ताणणे, वापरणे, बळ देणे आलेच, आणि गाठ पुन्हापुन्हा का पडते याचा शोध घेणेही आले. हे ट्रॅव्हेलबाईंनीच पुढे आपल्या ग्रंथात पानोपानी लिहिले आहे. मग समोरच्या रुग्णाबाबत त्या का चुकल्या? अध्यक्षाला दुखणे आत्ता थांबायला हवे असते, आणि ते थांबवण्याचे कसब हाताशी असलेल्या डॉक्टरला नाही म्हणणे जड जाते, एवढेच उत्तर मला सुचते.

त्यांना काढून मात्र टाकले नाही. पद राहिले, अधिकार बर्कले यांच्याकडे गेला. बाई दुखावून बाहेर पडल्या तर प्रकृतीची गुपिते बाहेर जातील, अशी भीती त्यामागे होती असे काही इतिहासकार मानतात. तसे असेल तर त्यांनी बाईंना ओळखले नव्हते. २२ नोव्हेंबर १९६३ ला केनेडींची हत्या झाल्यानंतरही त्या जॉन्सन यांच्या कारकिर्दीत १९६५ पर्यंत व्हाइट हाऊसमध्ये होत्या. १९६८ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. त्यात केनेडी पुष्कळ आहेत, गुपिते नाहीत.

सरकारी नोकरी संपली तेव्हा बाई त्रेसष्ट वर्षांच्या होत्या. लोक या वयात नातवंडे सांभाळतात. ट्रॅव्हेलबाईंचे सर्वांत मोठे काम अजून व्हायचे होते, आणि ते करायला त्यांना जोडीदार मिळाला तोही जगावेगळा. डेव्हिड सायमन्स हे हवाई दलाचे डॉक्टर. ऑगस्ट १९५७ मध्ये, म्हणजे माणूस अंतराळात जाण्याच्या चार वर्षे आधी, हा माणूस एका बंद डब्यात बसून फुग्याने तीस किलोमीटरहून अधिक उंचीवर जाऊन आला होता. साठच्या दशकात हवाई दलाच्या वैद्यकीय संस्थेत बाईंचे व्याख्यान आणि प्रात्यक्षिक त्यांनी पाहिले, आणि आकाशातला हा गडी उरलेले आयुष्य माणसाच्या स्नायूंतल्या वाटाण्याएवढ्या गाठी शोधण्यात रमला.

दोघांनी मिळून लिहिलेल्या ट्रिगर पॉइंटच्या ग्रंथाचा पहिला खंड १९८३ मध्ये आला. बाई तेव्हा ८१ वर्षांच्या. कमरेखालच्या भागाचा दुसरा खंड १९९२ मध्ये, नव्वदीत. एकेका स्नायूला एकेक प्रकरण. तो कुठे असतो, त्याची कळ कुठे जाते, ती कशाने वाढते, बसायचे कसे, सुई कुठून घालायची. बार्बरा कमिंग्ज या चित्रकर्तीने काढलेल्या आकृत्यांत कळीचा टापू लाल रंगाने दाखवलेला आहे. फिजिओथेरपिस्टच्या दवाखान्यात भिंतीवर लाल ठिपक्यांची माणसे टांगलेली दिसतात, त्यांचे मूळ हेच.

आता तो राहिलेला प्रश्न, औषध की सुई? याचे उत्तर प्रागहून आले. कारेल लेविट या चेक डॉक्टरांनी १९७९ मध्ये एक निबंध लिहिला. २४१ रुग्णांच्या ३१२ दुखऱ्या जागांवर त्यांनी सुई वापरली आणि सुमारे ८७ टक्के जागी तत्काळ आराम पडल्याचे नोंदवले. सुई नेमकी गाठीत गेली पाहिजे. औषध असो वा नसो, असे त्यांचे म्हणणे. तशी ही गोष्ट अगदीच नवी नव्हती. विल्यम ऑस्लर या थोर वैद्याने १८९२ च्या आपल्या पाठ्यपुस्तकात कंबरदुखीवर लांब सुया, नसल्या तर बायकांच्या टोपीच्या स्वच्छ केलेल्या टाचण्यासुद्धा, दुखऱ्या स्नायूत खुपसायचा सल्ला देऊन ठेवला होता! ट्रॅव्हेल आणि सायमन्स यांनीही मान्य केले, की कोरडी सुई चालते. फक्त औषध नसले तर नंतरचा ठणका जास्त जाणवतो. औषधाशिवायच्या या उपचाराला ड्राय नीडलिंग म्हणतात. औषध नाही म्हणून इंजेक्शनची पोकळ सुई लागत नाही, ॲक्युपंक्चरची केसासारखी भरीव सुई पुरते, आणि त्यामुळे हे तंत्र डॉक्टरांकडून फिजिओथेरपिस्टांच्या हाती आले. आपल्याकडच्या शहरांतही ते रुळले आहे. सुई तीच असली तरी हे ॲक्युपंक्चर नव्हे. तिथे चिनी वैद्यकातल्या बिंदूंचा हिशेब असतो, इथे शरीररचनाशास्त्रातल्या स्नायूचा.

सगळे आलबेल आहे असे समजू नये. गाठ म्हणजे नक्की काय, यावर वाद आहे. १९९२ मध्ये तज्ज्ञांना कोणाला काय झाले आहे ते न सांगता रुग्ण तपासायला दिले, तर त्यांचे आपसातच जमेना. आणि ही गोष्ट छापणाऱ्यांत खुद्द सायमन्स होते, हे त्यांच्या प्रामाणिकपणाला शोभणारे. १९९७ मध्ये, आधी एकत्र सराव करून घेतल्यावर, तज्ज्ञांची बोटे एका जागी पडू लागल्याचे दिसले. सुईने काही आठवडे आराम मिळतो याला बऱ्यापैकी आधार आहे, दीर्घकाळाबाबत तो तोकडा आहे. व्यायामाची जोड लागते, म्हणजे क्राउस पुन्हा आलेच. छातीच्या आणि खांद्याच्या भागात सुई खोल गेली तर फुप्फुसाला भोक पडू शकते. तसे क्वचित झालेलेही आहे. म्हणून हात शिकलेलाच हवा. रक्त पातळ होण्याची औषधे चालू असतील तर सुई घेण्यापूर्वी सांगावे, हेही ओघाने सांगून ठेवतो.

जेनेट ट्रॅव्हेल १ ऑगस्ट १९९७ रोजी मॅसॅच्युसेट्समधल्या नॉर्थॅम्प्टन येथे वारल्या. पंच्याण्णव वर्षांचे आयुष्य लाभले. पहिल्या खंडाची सुधारलेली आवृत्ती सायमन्स यांनी १९९९ मध्ये बाहेर काढली आणि बाईंचे नाव तिच्यावर कायम ठेवले.

बॉस्टनच्या केनेडी ग्रंथालयात एक कागदपत्रांचा संच बंद ठेवलेला होता. २००२ मध्ये इतिहासकार रॉबर्ट डॅलेक यांना तो पाहू देण्यात आला. १९५५ पासूनची क्ष-किरण चित्रे, औषधांच्या चिठ्ठ्या, आणि डॉ. ट्रॅव्हेल यांनी ठेवलेल्या नोंदी. कोणत्या तारखेला कोणती गोळी, किती सुया, कुठे, पत्रकार परिषदेच्या आधी काय दिले, सगळे तपशीलवार. १९६० च्या त्या पत्रात जे नव्हते, ते इथे बाईंनी टिपून जपून ठेवले होते.